रिम विकून डिस्क घेऊ का? त्याआधी पुढच्या ब्रेकचं बोलू

पत्र थोडक्यात: साताऱ्याच्या एका वाचक ताई, वय ४४, बँकेत नोकरी. तीन वर्षांपासून रोड बाइक चालवतात. सायकल सेकंडहँड, ॲल्युमिनियमची, शिमानो कंपनीचा सोरा गिअर, रिम ब्रेक (रबर थेट चाकाच्या कडेला, रिमला घासून थांबवणारा). जुलैमध्ये ग्रुपबरोबर कासला गेल्या होत्या, येताना यवतेश्वर घाटात पाऊस आणि धुकं. एका वळणावर ब्रेक दाबला तर सायकल थांबेचना, मागचं चाक घसरलं आणि त्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. समोरून वडापची जीप येत होती, ड्रायव्हरने वेळेत थांबवली म्हणून निभावलं. खाली येईपर्यंत लिव्हर ओढून ओढून बोटं बधिर झाली होती. त्यानंतर ग्रुपच्या ॲडमिनने नियमच काढला, पावसाळी राइडला फक्त डिस्कवाले (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर लागणारा ब्रेक असलेले). दुकानदार म्हणतो जुनी सायकल बारा हजारात घेतो, वर पंचेचाळीस टाका, नवी डिस्कवाली न्या. नवरा म्हणतो जिवापेक्षा पैसे मोठे नाहीत, घेऊन टाक. ताईंचा जीव मात्र जुन्या सायकलवर आहे. त्या विचारतात, विकू का? की आहे याच सायकलला डिस्क बसवता येईल? डिसेंबरात २०० किलोमीटरची पहिली ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, करायची आहे.

ताई, त्या वळणावरून धड खाली आलात हे पहिलं बरं झालं. बाकी सगळं सुधारता येण्यासारखं आहे.

तुमच्या पत्रात डिस्क आणि रिम हे दोन शब्द जागोजागी आहेत, पण मी वाचता वाचता थांबले ती वेगळ्याच एका ओळीवर, तुम्ही ती जाता जाता लिहून पुढे गेलात: "पुढचा ब्रेक मी शक्यतो दाबतच नाही, तोंडावर आपटायची भीती वाटते." गोम इथे आहे. सगळी नसेल, पण निम्म्याच्या वर नक्कीच.

बघा, ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्याला आणखी घट्ट बसतं आणि मागचं हलकं होतं, आणि उतारावर सायकल मुळातच नाक खाली करून असते त्यामुळे ते अजूनच हलकं. अशा हलक्या झालेल्या चाकाला तुम्ही सगळा ब्रेक लावताय. ते थांबवणार किती? लॉक होणार आणि घसरणार, आणि नेमकं तेच झालं, तुम्हीच लिहिलंय मागचं चाक गेलं म्हणून. आता मला सांगा, तिथे डिस्क असती तर? मागचा डिस्क ब्रेक कदाचित आणखी लवकर लॉक झाला असता आणि त्याच वळणावर तुम्ही दोन फूट अलीकडे घसरला असता. मागच्या चाकाला डिस्क लावा नाहीतर ट्रकचा ड्रम लावा, टायरची रस्त्यावरची पकड सुटली की ब्रेकला करण्यासारखं काही उरत नाही.

ही भीती तुमची एकटीची नाही हो. आपल्याकडे लहानपणी सायकल शिकवताना प्रत्येकाला हेच सांगितलंय, पुढचा दाबू नकोस, पलटी खाशील. त्यात तथ्य आहे पण अर्धं. हात ताठ, वजन पुढे आलेलं आणि पुढचा ब्रेक एकदम कचकन दाबला तर मागचं चाक उचलतं, खरंय. पण तोच ब्रेक हळूहळू वाढवत दाबला, कोपर जरा वाकलेले ठेवले, बूड सीटवर मागे सरकवलं तर सायकल सरळ, शहाण्यासारखी थांबते. हे घाटात शिकायचं नाही. रविवारी सकाळी एखादं रिकामं डांबरी पटांगण गाठा, वीसच्या स्पीडला या, एका खुणेपाशी फक्त मागच्या ब्रेकने थांबून बघा, मग फक्त पुढच्याने, मग दोन्हींनी, आणि दर वेळी कुठे थांबलात तिथे खडूने रेघ मारा. रेघा बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. आणि त्याआधी एक तपासा, कुठला लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे ते. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा पुढचा असतो, मोटरसायकलसारखा, पण युरोप-अमेरिकेकडच्या बऱ्याच सायकलींना उलटं, आणि सेकंडहँड सायकल कुठून कशी फिरत आलीय देव जाणे, त्यामुळे हाताने दाबून, चाक बघून खात्री करा.

आता डिस्कचं. दुकानदाराने दिलेल्या कागदाचा फोटो पाठवलात ते फार छान केलंत, कारण त्यावर "क्लॅरिस, डिस्क ब्रेक" एवढंच लिहिलंय आणि सगळा खेळ त्या न लिहिलेल्या शब्दात आहे. डिस्क दोन जातीची. एक वायरवाली, तिला मेकॅनिकल म्हणतात, आणि दुसरी तेलवाली, हायड्रॉलिक. ग्रुपमधले लोक जिचं कौतुक करतात, "एका बोटाने थांबते", ती तेलवाली. शिमानोने क्लॅरिस आणि सोरा या गिअरच्या गटांत हायड्रॉलिक लिव्हर काढलेलेच नाहीत, रोडच्या सायकलींत ते टियाग्रा आणि त्याच्या वर मिळायचे. म्हणजे तुम्हाला जी सायकल देतायत ती वायरवाली डिस्क असणार हे जवळपास नक्की. वर गिअरमध्ये तुम्ही सोरावरून क्लॅरिसवर येताय, मागे ९ च्या जागी ८. पंचेचाळीस हजार देऊन एक पायरी खाली.

वायरवाल्या डिस्कमध्ये ताकद तुमच्या बोटांचीच लागते, तीच वायर, तसंच आवरण, आणि मागच्या ब्रेकची वायर पार मागच्या चाकापर्यंत वळणं घेत जाते त्यामुळे ओढायला जड. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एकच पॅड हलतो, तो रोटरला, म्हणजे चाकावरच्या चकतीला, ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवतो. पॅड झिजले की लिव्हर सैल होत जातो आणि ते हाताने ॲडजस्ट करत बसावं लागतं. तेलवाल्यात दोन्ही बाजूचे पिस्टन हलतात, झीज ते आपोआप भरून काढतात आणि लिव्हर मऊ लागतो. थोडक्यात, बोटं बधिर होण्यावर खरा उतारा आहे तो तेलाचा. नुसती डिस्क आली म्हणून बोटांचं दुखणं जाईलच असं नाही. चांगला लागलेला सोराचा रिम ब्रेक कोरड्या रस्त्यावर कित्येकदा स्वस्त वायरवाल्या डिस्कपेक्षा हाताला हलका लागतो, हे दोन्ही चालवलेला कोणीही सांगेल.

पण मी रिमची वकिली करतेय असं समजू नका. पावसात डिस्क चांगली, याबद्दल वादच नाही. रिम रस्त्याजवळ फिरते, पाणी आणि चिखल थेट तिच्यावर, आणि ब्रेक दाबल्यावर रबर आधी ते पाणी पुसतं, मग पकडतं. छत्तीसच्या स्पीडला सायकल सेकंदाला १० मीटर जाते. पुसण्यात समजा एकच सेकंद गेला तरी दहा मीटर गेले, यवतेश्वरच्या वळणावर दहा मीटर म्हणजे पलीकडची लेन. रोटर वर असतो, छोटा असतो, त्याला भोकं असतात, पाणी टिकत नाही, दाबला की जवळपास लगेच लागतो. आणि वायरवाल्या डिस्कलाही हा फायदा आहे, हे कबूल करायला हवं. कोरड्यात मात्र फरक पुसट होतो. नीट लागलेला कुठलाही ब्रेक मागचं चाक उचलेपर्यंत जोर लावू शकतो, त्याच्यापुढे ताकद असून उपयोग काय? तुम्ही डिसेंबरात २०० करणार आहात, तेव्हा रस्ते कोरडे. त्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि डिस्कची सक्ती वगैरे काही नाही, त्यामुळे त्या कारणासाठी तरी सायकल बदलायची गरज नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, हा सहसा कोणी नीट सांगत नाही. तुम्ही आणि सायकल मिळून ७५ किलो धरू. ४०० मीटर उंची उतरलात तर साधारण तीन लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी, म्हणजे एक लिटर गार पाण्याला चहाचं आधण येईल एवढी उष्णता. त्यातली बरीचशी वाऱ्यात जाते, पण पूर्ण घाट ब्रेक धरून हळूहळू उतरलात तर वाऱ्याचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त. ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता बऱ्यापैकी पचवते. कार्बनची रिम पचवत नाही, त्यामुळे कार्बन रिम आणि रिम ब्रेक घेऊन आंबेनळी किंवा पसरणीसारखे मोठे घाट उतरणाऱ्या वाचकांना मी हात जोडून सांगेन की घाटासाठी ॲल्युमिनियमची चाकं ठेवा. तुम्हाला ती चिंता नाही.

ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणेलच, अहो प्रो लोक सगळे डिस्कवर गेले. गेले, खरंय. पण कसे गेले ते बघा. २०१६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसो नावाच्या रायडरच्या पायाला मोठी जखम झाली, त्याने बोट दाखवलं रोटरकडे, आणि चालू असलेली डिस्कची चाचणीच थांबवली गेली. पूर्ण परवानगी यायला २०१८ चा जुलै उजाडला. त्यानंतरही २०१९ ची टूर द फ्रान्स एगन बर्नालने रिम ब्रेकवर जिंकली आणि २०२० ची पोगाचारने, तीही रिमवरच. आल्प्सचे घाट उतरून, बरं का. मग दोनेक वर्षांत चित्र पालटलं आणि त्यात ब्रेकइतकाच हात रुंद टायरचा, नव्या फ्रेमचा आणि कंपन्यांना काय विकायचंय त्याचाही होता. तेव्हा "रिम ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ" हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याला या दोन टूरची आठवण करून द्या, आणि "डिस्क म्हणजे नुसतं फॅड" म्हणणाऱ्याला यवतेश्वरला जुलैत घेऊन या.

तुमचा सरळ प्रश्न होता, याच सायकलला डिस्क बसवता येईल का. नाही. फ्रेमला आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, बसायची जागाच नाही, चाकांच्या हबला, मधल्या भागाला, रोटर लागत नाही, आणि फोर्कचा एक पाय तो ताण घ्यायला बनवलेलाच नाही. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर तिथून निघा.

मग करायचं काय? आधी आहे तो ब्रेक ब्रेकसारखा लागतोय का ते बघू. माझा अंदाज आहे, नाही लागत.

सायकल उलटी करा, चाक फिरवा, बोट रिमवरून फिरवा. कासकडची लाल माती, रबराची काळी भुकटी आणि रिमचं झिजलेलं ॲल्युमिनियम असा एक करडा चिखल बोटाला लागेल, पावसात तोच रबर आणि रिमच्या मधे घासत असतो. आता ब्रेकची रबरं काढून उजेडात धरा. काळ्या रबरात चकचकीत ठिपके दिसले तर ते तुमच्याच रिमचे कण आहेत, रुतून बसलेले. टाचणीने उकरून काढा, वरचा चकाकणारा थर पॉलिश पेपरने हलका घासा. रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर जराही दबत नसेल किंवा त्याच्यावरच्या खाचा संपत आल्या असतील तर सरळ नवीन घ्या. ओल्यासाठी वेगळी मऊ रबरं येतात, काही तर सॅमन माशाच्या रंगाची, साताऱ्यात मिळाली नाहीत तर पुण्यातून मागवा. रिम स्वच्छ फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. चेनला मारायचा स्प्रे ब्रेकच्या आसपास नको, रिमला नको आणि उद्या डिस्क घेतलीत तर रोटरच्या तर गावातही नको.

हे सगळं करताना रिम किती झिजलीय तेही बघून घ्या. बऱ्याच रिमच्या ब्रेक लागायच्या पट्ट्यावर एक बारीक खाच किंवा टिंबाएवढा खड्डा असतो, तो दिसेनासा झाला असेल किंवा पट्टा आत खोलगट लागत असेल तर ब्रेकचं राहू द्या, आधी रिम बदला. झिजलेली रिम हवेच्या दाबाने फुटते, आणि कधी कधी ब्रेक लावतानाच.

आणि एक गोष्ट, हसू नका. कॅलिपरच्या बाजूला एक छोटी दांडी असते, चाक काढताना ब्रेक उघडायला. पंक्चर काढून चाक परत बसवलं की ती खाली करायची राहून जाते आणि लोक महिनोन्महिने उघड्या ब्रेकने फिरतात, लिव्हर पार हँडलला टेकतो तरी कळत नाही. तुम्ही लिहिलंय की राइडच्या आदल्या दिवशी पंक्चर निघालं होतं. बघा बरं जरा.

वायर बदला, आतली आणि बाहेरचं आवरण दोन्ही. तीन पावसाळे खाल्लेली वायर आत गंजलेली असते आणि तुमच्या बोटांची निम्मी ताकद त्या गंजाशी भांडण्यात जाते. हात लहान असतील तर लिव्हर हँडलच्या जवळ आणायची सोय असते, लिव्हरच्या आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू, किंवा जुन्या मॉडेलला पाचर बसवतात, मेकॅनिकला सांगितलं की पाच मिनिटांचं काम. बायकांना पुरुषांच्या हाताच्या मापाने लावलेले लिव्हर तसेच देऊन मोकळं व्हायची आपल्या दुकानांची सवय आहे, आणि मग बोटं दुखली की सांगतात डिस्क घ्या. हे सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसावं.

आता बोटांच्या दुखण्याचा दुसरा अर्धा भाग. तुम्ही उतरताना हात कुठे ठेवता? वर, हूडवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, बरोबर? तिथून बोटं लिव्हरच्या मुळाशी पडतात, जिथे सगळ्यात कमी जोर मिळतो. हात खाली वळणदार भागात घ्या, ड्रॉप्सवर, तिथून एक-दोन बोटांत लिव्हरचं टोक येतं आणि तोच ब्रेक दुसऱ्या सायकलचा वाटतो. सुरुवातीला खाली वाकायची भीती वाटेल, मान दुखेल, सपाट रस्त्यावर सवय करा. पोटामुळे किंवा पाठीमुळे खाली वाकताच येत नसेल तर हँडल थोडं वर घेता येतं, ते वेगळ्या दिवशी बोलू.

टायरची हवा किती ठेवता? लिहिलं नाहीत, पण बहुतेक लोक पंपावर शंभर-एकशेवीस मारून मोकळे होतात. तुमच्या वजनाला २५ मिमी टायरमध्ये पावसाळ्यात ७५ ते ८० पीएसआय पुरे. सायकलच्या कॅलिपरमध्ये २८ मिमी टायर मावत असेल तर पुढच्या वेळी तो घाला, जुन्या कॅलिपरमध्ये कधी कधी २५ च्या वर जात नाही, मोजून बघा. इथे डिस्कवाले जिंकतात, त्यांना ३० आणि ३२ सहज बसतात, आणि माझ्या मते आपल्या रस्त्यांवर डिस्क घ्यायचं ब्रेकच्या बरोबरीचं कारण हे आहे.

ओल्या घाटात रिम ब्रेकने उतरायची पद्धत थोडी वेगळी असते. वळण दिसलं की बरंच आधी ब्रेक अगदी हलका टेकवायचा, थांबायला नव्हे, रिम पुसायला. मग खरा ब्रेक, सायकल सरळ उभी असतानाच, दोन्ही, पुढचा जास्त. वळणात शिरलात की ब्रेक सोडायचा. वाकलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबला तर जे चाक जाईल ते सावरता येत नाही, हे डिस्कलाही तितकंच लागू. पांढरे पट्टे, शेण, पालापाचोळा, डिझेलचा तवंग यांवर कुठलाच ब्रेक कामाचा नाही. आणि धुकं इतकं असेल की पुढचं वळणच दिसत नाही, तर उतरा, कडेने चालत या, कोणी हसलं तर हसू दे. यवतेश्वरला पावसाळी रविवारी पर्यटकांच्या गाड्या कशा चालतात हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता तुमच्या ॲडमिनसाहेबांचा नियम. मला तो पहिल्यांदा वाचून रागच आला होता, पण त्यांचा मुद्दा सगळाच चुकीचा नाही. एका रांगेत डिस्कवाले आणि रिमवाले मिसळले आणि पुढचा डिस्कवाला ओल्यात पटकन थांबला तर मागचा रिमवाला त्याच्यात घुसू शकतो, प्रोंच्या शर्यतीत मिश्र ब्रेकचे दिवस होते तेव्हा हीच काळजी बोलली जायची. पण त्याला उपाय रिमवाल्यांना घरी बसवणं हा नाही. घाट उतरताना एकमेकांच्या चाकाला चिकटून जायचंच नाही, ब्रेक कुठलाही असो, एवढा नियम केला की काम झालं. तुम्ही त्यांना भांडण न करता एवढंच सुचवा, राइडच्या आधी गेटपाशी सगळ्यांचेच ब्रेक तपासू, डिस्कवाल्यांचे पॅडसुद्धा. मला खात्री आहे की दोन-तीन डिस्कवाले पॅड संपून धातूवर धातू घासत फिरत असतील, किर्र आवाज येतो तो "डिस्कला येतोच" म्हणून सोडून दिलेला. आणि तरी ऐकलं नाहीत तर पावसाळ्यात दोघी-तिघी मिळून वेगळ्या जा, सज्जनगडाच्या रस्त्याला काय वाईट आहे?

यजमानांचं म्हणणं मनापासूनचं आहे, ते घाबरलेत. त्यांना त्या पटांगणावर सोबत न्या आणि खडूच्या रेघा त्यांना मारायला सांगा. पैसे जिवापेक्षा मोठे नाहीत हे मान्यच, पण हे पंचेचाळीस हजार जीव वाचवायलाच जातायत का, एवढं विचारायला काय हरकत आहे.

म्हणजे डिस्क घ्यायचीच नाही का? घ्या की, पण घाईने नको. या दुरुस्त्या करा, हा उरलेला पावसाळा असा चालवून बघा. त्यानंतरही ओल्यात मन घट्ट होत नसेल, बोटं तशीच दुखत असतील, आणि दर पावसाळ्यात घाट करायचेच असतील, तर पैसे साठवून एकदाच तेलवाली घ्या, टियाग्रा किंवा १०५ ची (शिमानोचाच त्याच्या वरचा गट), सेकंडहँड मिळाली तरी चालेल. घेताना लिव्हर दाबून धरा, तो हळूहळू आत जात राहिला किंवा स्पंजसारखा लागला तर तेलात हवा आहे किंवा गळती आहे. रोटर फिरवून बघा, लचकतोय का. आणि आधी गावातल्या मेकॅनिकला विचारा, ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं काम, करता का, तेल कुठलं ठेवता. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या बहुतेक रोड ब्रेकना डॉट (गाड्यांच्या ब्रेकमधलं तेल), एकात दुसरं ओतलं तर आतली सीलं कामातून जातात आणि हे करणारे महाभाग आहेत. ज्या गावात ब्लीडिंग करणारा कोणी नाही तिथल्या वाचकांनी हे आधी मोजावं, दर वेळी पुण्या-कोल्हापूरला सायकल नेणं परवडतं का ते. चाक काढल्यावर लिव्हर चुकून दाबला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात, म्हणून सायकल गाडीत टाकताना पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा घालायचा, आणि एसटीच्या टपावर रोटरची बाजू खाली दाबून तर मुळीच ठेवायची नाही. नवे पॅड लागल्या लागल्या घाटात उतरायचं नाही, आधी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा स्पीड घेऊन हळू करत ते बसवायचे, नाहीतर पहिल्याच घाटात ब्रेक ओरडेल आणि धरणारही नाही.

जे आत्ता पहिलीच रोड बाइक घेतायत त्यांना माझं उत्तर वेगळं आहे, त्यांनी डिस्कच घ्यावी. नवीन मॉडेलं सगळी तिकडेच येतायत, शिमानोची बारा गिअरवाली १०५ तर रिममध्ये निघालीच नाही. तुमचं तसं नाही, तुमच्याकडे चालणारी सायकल आहे. नऊ गिअरच्या सोराची रबरं, वायर, कॅसेट, चेन हे सगळं अजून मिळतं. चाकं मात्र पुढे अवघड होत जातील, तेव्हा रिम झिजत आली असेल तर एक जोडी वेळेत बघून ठेवा. आणि उद्या डिस्क घेतलीत तरी ही सायकल बारा हजारात देऊ नका, कोरड्या दिवसांना राहू द्या. दुकानदाराला इतक्यात हो-नाही काही कळवू नका, गणपतीनंतर विचारलंत तरी भाव तोच असेल, फार तर पाचशे इकडेतिकडे.